रेवाची पहिली पालेभाजी

वच्छलाबाईंनी दुधीचा चमचा रेवाच्या ओठांना टेकवला आणि रेवानं ओठ घट्ट मिटून घेतले.

हिशेब साधा होता. सात महिन्यांच्या या नातीनं आजीच्या हातून खाल्लं, तर सोमवारपासून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ती आख्खी वच्छलाबाईंची होणार होती. तिचं न्हाणं, तिची झोप, तिचं रडणंसुद्धा. नाही खाल्लं, तर हे सगळं समोरच्या दारात, शेजारच्या कालिंदीबाईंच्या घरी जमा होणार होतं आणि वच्छलाबाई गावाकडच्या, देवगाव रंगारीच्या एस.टी.त बसणार होत्या. सून सत्यशीला तहसिलात अव्वल कारकून होती. तिनं बोलताना कुठं धारदार शब्द वापरला नव्हता. “आई, ती तुमच्याकडून खायला लागली तर प्रश्नच नाही,” एवढंच म्हणाली होती, “नाहीतर काकू दिवसभर सांभाळायला तयार आहेत.” तिची बाळंतपणाची रजा रविवारी संपत होती. आज गुरुवार होता.

“आ कर गं माझी सोनी. बघ, आजीनं काय केलंय. आ.”

रेवानं मान भिंतीकडं फिरवली. वच्छलाबाईंनी चमचा भिंतीच्या बाजूनं आणला. रेवानं मान दाराकडं फिरवली. तिसऱ्या वेळी चमचा गाल दाबून आत गेला आणि दुधी हनुवटीवरून ओघळत लाळेऱ्यावर, तिथून वच्छलाबाईंच्या साडीवर उतरला.

“अहो, मागं नका लागू तिच्या.”

दार उघडंच होतं. कालिंदीबाई कधी आत आल्या ते कळलं नव्हतं. त्या तीस वर्षं अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. निवृत्त झाल्या त्या कागदावर. शहराच्या गारखेडा भागातल्या या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरची बाळं अजून त्यांच्या नजरेखाली जेवत.

“मान फिरवली म्हणजे पुरे, असं सांगते ती.”

“लेकराला काय कळतंय पोट भरलं का नाय ते?”

“त्यालाच कळतं,” कालिंदीबाई म्हणाल्या आणि हात धुऊन खाली बसल्या. रेवाला त्यांनी पाठीशी उशी देऊन नीट ताठ बसवलं. चमचा तिच्यासमोर वीतभर अंतरावर धरला आणि नुसत्या थांबल्या. ना सोनी, ना राणी. मग स्वतःच तोंड उघडलं आणि मिटलं. रेवानं चमच्याकडं पाहिलं, कालिंदीबाईंकडं पाहिलं, आणि एखाद्या कामाची आठवण झाल्यासारखी पुढं झुकून चमचा तोंडात घेतला.

“बघा,” सत्यशीला स्वयंपाकघराच्या दारातून हसली.

वच्छलाबाई ओल्या फडक्यानं साडीवरचा दुधी पुसत होत्या. डाग निघाला तरी पुसत राहिल्या.

फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला होता. अक्षर सत्यशीलाचं होतं आणि अक्कल कालिंदीबाईंची. एका वेळी एकच नवी भाजी, ती लागोपाठ तीन दिवस, आणि सकाळीच. म्हणजे अंगावर काही उठलं किंवा पोट बिघडलं तर गुन्हेगार लगेच सापडतो. मीठ नाही, साखर नाही, मध तर वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. पालेभाजी असेल तर ताजी करायची आणि उरली तर टाकायची, ठेवून द्यायची नाही. दुधीचे तीन दिवस आज संपत होते.

“आमच्याकडं लेकरं ताटात हात घालू घालू मोठी झाली,” वच्छलाबाई तक्त्याकडं न बघता म्हणाल्या. “कोनाच्या दाराला असला पंचनामा चिकटवला नव्हता.”

“उद्यापासून पालक आहे, आई. काकू आणणार आहेत.”

“कुठला?”

“खालच्या सरूबाईच्या गाडीवरचा.”

वच्छलाबाईंना गुरुवारी पहिल्यांदाच पायाखाली जमीन लागली. त्या उठून गॅलरीत गेल्या, कारण सरूबाईची भाजीची गाडी बरोबर खाली उभी होती आणि जे बोलायचं ते तिलाही ऐकू गेलेलं बरं.

“त्या नाल्याच्या पान्यावरची भाजी? माह्या नातीला? इथं घरची बारा एकर बागायत असताना?” त्या कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या. “तिच्या पोटात पयली पालेभाजी जाईल ती आपल्या वावरातली. तांदुळजा. ना पेरलेला, ना खत घातलेला. देवानं उगवलेला.”

खाली सरूबाईनं मान वर करून पाहिलं आणि कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं.

कालिंदीबाई विरोध करतील अशी वच्छलाबाईंची खात्री होती; पुढची दोन वाक्यं तयार होती. पण कालिंदीबाई म्हणाल्या, “तांदुळजा तर उत्तमच. कोवळा बघून मागवा. देठं काढून टाकू आपण.”

भांडायला गेलेल्याला समोरच्यानं पाट मांडून द्यावा, तसं झालं. तयार केलेली वाक्यं गिळून वच्छलाबाईंनी नवऱ्याला, आप्पासाहेबांना, देवगावला फोन लावला.

शुक्रवारी नऊच्या सुमाराला कडूबा आला. कडूबा त्यांचा सालगडी. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरीचं वायंडिंग करून घ्यायला ती क्रांती चौकाजवळच्या दुकानात टाकून तो तसाच इकडं आला होता. सत्यशीला रुजू होण्याचे कागद द्यायला कचेरीत गेलेली, मुलगा बद्रीनाथ वाळूजच्या कारखान्यात, रेवा पाळण्यात झोपलेली. कडूबानं ओल्या फडक्यातलं गाठोडं वच्छलाबाईंच्या हातात दिलं आणि चहाला बसला.

पाला कोवळा, लुसलुशीत होता. वच्छलाबाईंनी मूठभर उचलून नाकाशी धरला. हिरव्या वासाखाली दुसरा एक वास होता. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. श्रावण-भादव्यात कडूबाच्या सदऱ्याला हाच यायचा.

“कुठून तोडला रे?”

“कापसातून. मालक म्हनले, तिथं लई माजलाय.”

“कापसाला फवारा कवा मारला?”

कडूबानं बशीतला चहा फुंकला. “मंगळवारी. नाय नाय, बुधवारी. मावा लई पडला व्हता, वैनी. दोन पंप जास्तीचे लागले.”

“आन् भाजी?”

“ती तर आज सकाळची हाय. ताजी.” कडूबाला प्रश्नच कळला नव्हता. मग कळला तसा तो हसला. “दोन पान्यानं धुवा की. आपन नाय का खात?”

खातच होते. वच्छलाबाईंनी स्वतः गेली वीस-पंचवीस वर्षं कापसातला तांदुळजा तोडून भाकरीबरोबर खाल्ला होता, पाहुण्यांना वाढला होता. फवारा मारतात तो कापसावर, तांदुळज्यावर नाही, असा देवगावचा हिशेब होता. जे आपण पेरलं नाही त्याला औषध लागतच नाही. मग ते औषध पानावर पडलेलं असलं तरी कुणाच्या खात्यावर धरायचं? वच्छलाबाईंनीही कधी धरलं नव्हतं.

त्या पाळण्यापाशी गेल्या. रेवाची मूठ उघडी पडली होती. चमच्याएवढ्या त्या हातावर त्यांनी दुपटं ओढलं.

“चला, येतो मी, वैनी. मोटर चारला देनार हाये.”

तो गेल्यावर त्यांनी गाठोडं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर दुसरी पिशवी चढवली, दोन गाठी मारल्या. समोरच्या दाराला रेवाकडं लक्ष ठेवा असं सांगणं जिवावर आलं, पण सांगितलं. फाटकापाशी एक गाय रोजच्यासारखी उभी होती. तिनं पिशवीकडं तोंड केलं. पालेभाजीचा पाला गाईपुढं न टाकता पुढं जायची वच्छलाबाईंच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. गाय चार पावलं मागं आली. त्यांनी तिला हात उगारून हाकललं आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात खोल दाबली.

आता सत्यशीला येणार, कालिंदीबाई येणार आणि वाटी मागणार. ‘फवाऱ्याची निघाली, टाकून दिली’ हे एवढंच वाक्य बोलायचं होतं. वच्छलाबाईंनी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा कालिंदीबाईंचा चेहरा समोर आला, आणि तो हसत नव्हता. हसला असता तर परवडलं असतं. कालिंदीबाई समजून घेतील, हीच तर धास्ती होती.

“तांदुळजा हाय का गं?”

सरूबाईनं गाडीमागून वर पाहिलं. “हाय की. पन नाल्यावरचा हाय, आजी. तुमाला चालंल का?”

“टोमणे नको मारू. कुठला हाय, खरं सांग.”

“चितेगावचा. माह्या भावाच्या हिरीवरचा. चार सऱ्या हायेत. पयल्यापासून तोच इकते मी, पर इचारलं कोनी?”

“फवारा?”

“अवं, रोज ज्याच्यावर घरचं चुलान पेटतं त्याच्यावर फवारा कोन मारंल? आमचीबी लेकरं तेच खातेत.”

“लेकराची शपथ?”

“घ्या, शपथ,” सरूबाईनं गळ्याला हात लावला. “घ्याची हाय तर घ्या, नायतर ऊन लागतंय भाजीला.”

स्वतःच्या वावराला पंचवीस वर्षांत जो प्रश्न विचारला नव्हता, तो वच्छलाबाईंनी एका गाडीला दोनदा विचारला. जुडी पदराखाली घेऊन वर आल्या. पाच पाण्यांनी धुतली. देठं काढली, पानं वाफवली, वाटली आणि गाळणीतून गाळून काढली. ना मीठ, ना फोडणी.

अकराला वाटी तयार होती. सत्यशीला आली, कालिंदीबाई येऊन मोढ्यावर बसल्या. वच्छलाबाईंनी रेवाला उशी देऊन बसवलं. आज त्यांच्या तोंडातून सोनी निघेना. पहिला चमचा उचलला आणि वाटलं, सरूबाईच्या शपथेचं काय सांगावं, आधी आपल्या पोटात जाऊ दे. त्यांनी तो स्वतःच खाल्ला. अळणी, गवताच्या जवळपासची चव. काही होतंय का म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. दुसरा चमचा हातात अधांतरी राहिला.

रेवा आजीच्या तोंडाकडं बघत होती. तिनं पुढं झुकून तोंड उघडलं.

सात चमचे गेले. आठव्याला तिनं मान फिरवली आणि वच्छलाबाईंनी वाटी खाली ठेवली. कालिंदीबाईंच्या भुवया किंचित वर गेल्या.

“अगं बाई!” सत्यशीलानं टाळी वाजवली. “आई, वावरातल्या भाजीची बातच वेगळी!”

पोरीनं तोंड उघडलं ते आजीपुढं; चमचा धरला आजीनं. पण शाबासकी गेली ती देवगावच्या गट नंबरला. वच्छलाबाईंना जमिनीचा हेवा वाटायची वेळ आली.

“ठरलं मग,” सत्यशीला म्हणाली. “रेवा तुमच्याकडंच. काकू, तुम्ही रागावू नका.”

“रागवायचं काय त्यात? आजी ती आजी,” कालिंदीबाई म्हणाल्या. मोढ्यावरून उठताना मात्र त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि जरा सावकाश उठल्या. वच्छलाबाईंनी ते बरोबर टिपलं.

जिंकल्यावर माणसानं घटकाभर बसावं, तेवढीही फुरसत मिळाली नाही. सत्यशीलानं सासऱ्यांना फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

“म्या म्हनलो नव्हतो?” आप्पासाहेबांचा आवाज घरभर झाला. “रगत कुठं जातंय! आता दर तिसऱ्या दिवशी कंडक्टरच्या हाती पाठवतो. बद्रीला म्हनावं स्टँडावर येऊन घेत जा. त्या बाजारच्या घाणीला हात लावू नका.”

सत्यशीलानं तक्त्यावर लिहिलं : तांदुळजा, देवगाव. “रविवारी मीच करीन तिला,” ती म्हणाली. “तेवढंच माझ्याही हातचं.”

दुपारी, सगळे पांगल्यावर, वच्छलाबाईंनी गॅलरीत जाऊन स्वतः फोन लावला.

“कापसातली भाजी पाठवू नका.”

“कामून?”

“फवारा व्हता तिच्यावर.”

“मंग? धुवून घ्या. आपन खाल्ली, कोन मेलं?”

“लेकरू हाय ते.”

“अगं, लेकरानंच तर खाल्ली ना वाटीभर? पचली ना?”

या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते वच्छलाबाईंच्या जिभेवर होतं. पण आप्पासाहेबांच्या पोटात गोष्ट राहत नसे. आज त्यांना सांगितलं की उद्या बद्रीनाथला, परवा सुनेला आणि तेरवा समोरच्या दाराला. आणि न सांगावं, तर नातीनं खाल्लेली सरूबाईची भाजी आता कापसाच्या भाजीला जामीन राहिली होती.

“दुसऱ्या जागी एखादा वाफा करा की तिच्यासाठी. हिरीपाशी.”

“आन् त्याची राखन कोन करनार? मी? पारावर चार मानसांत सांगून आलो, नातीला आमच्याच वावराची भाजी लागती. तू तिकडं शहरात जाऊन असले नखरे नको शिकू.”

फोन ठेवला गेला. खाली सरूबाई गिऱ्हाइकाशी हसत होती.

शनिवार हा तीन दिवसांच्या हिशेबातला दुसरा दिवस होता. वच्छलाबाईंनी पुन्हा पदराखालून जुडी आणली. रेवानं पुन्हा खाल्लं, पाच चमचे. वाटी धुवायला कालिंदीबाई आपणहून ओट्यापाशी गेल्या आणि तिथं पडलेलं केळीचं सोपट त्यांनी उचललं. सरूबाई जुड्या त्यानं बांधत असे. सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

“देवगावला केळी होतात का हो?” त्यांनी विचारलं.

“नाय. कामून?”

“सहज.” कालिंदीबाईंनी सोपटाची गुंडाळी केली आणि कचऱ्यात टाकली. हात पुसले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “वच्छलाबाई, मी तीस वर्षं हेच बघत आले. लेकराला भरवताना सगळ्याच बायका कधी ना कधी चुकतात. काही सांगायचं असलं तर मला सांगा. सत्यशीलाकडं मी बोलणार नाही.”

यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणूनच वच्छलाबाईंना ते सोसवेना.

“मला काय सांगायचं असतंय? लेकरू खातंय, तुमच्या डोळ्यांदेखत खातंय.”

“हो. खातंय खरं.”

“मंग झालं.”

कालिंदीबाई दार लोटून गेल्या. त्यांनी ते जोरात आपटलं असतं तर वच्छलाबाईंना रविवारी वेगळं सुचलं असतं, असं वाटतं.

रविवारी सकाळी बद्रीनाथ स्टँडावरून पिशवी घेऊन आला. आप्पासाहेबांनी हात सैल सोडला होता. चार घरांना पुरेल एवढा पाला होता. सत्यशीलानं केस बांधले, पातेलं ठेवलं, पिशवी सोडली.

“दे इकडं.” वच्छलाबाईंनी ती तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली.

“आई, मी करणार आहे आज. ठरलंय आपलं.”

वच्छलाबाईंनी पाला नाकाशी नेला. वास तोच होता, उलट ताजा. बद्रीनाथ, सत्यशीला, सत्यशीलाच्या कडेवरची रेवा, तिघंही त्यांच्याकडं बघत होते. दार उघडं होतं आणि समोरचंही.

“जून हाय,” त्या म्हणाल्या. “देठाला सूत सुटलंय. लेकराच्या घशात अडकंल.”

“मला तर कोवळी दिसते.”

“तुला काय कळतंय भाजीतलं? कागदं कळत्यात तुला.” हे जरा जास्तच झालं हे त्यांनाही कळलं. त्यांनी पिशवीचं तोंड पिळलं. “आज तिला दुधीच दे. आन् ऐक. तुह्या सासऱ्याला भाजी निवडायची अक्कल नाय. असलंच पाठवत ऱ्हातील. मी जाते गावाकडं. मीच तोडीन, मीच पाठवीन.”

“गावाकडं? कधी?”

“उद्या. दहाच्या गाडीनं.”

“अहो आई, परवाच तर ठरलं सगळं! मी उद्या रुजू होतेय. रेवाचं काय?”

वच्छलाबाई समोरच्या दाराकडं बघायचं टाळत होत्या. त्यासाठी त्यांनी पिशवीला तिसरी गाठ मारायला घेतली.

“समोर हायेत की,” त्या म्हणाल्या.

बद्रीनाथनं आईला समजावून पाहिलं. एका भाजीच्या जुडीसाठी कुणी नात सोडून जातं का, असं त्यानं विचारलं. त्याला त्या एवढंच म्हणाल्या, “तू तुझ्या कारखान्यात बघ.” खरं सांगून नात ठेवून घ्यायची वाट अजूनही मोकळी होती, दोनच वाक्यं, आणि सत्यशीला चार दिवस फुगली असती, पाचव्या दिवशी विसरली असती. पण ती वाट कालिंदीबाईंच्या उंबऱ्यावरून जात होती.

सोमवारी नऊला त्यांनी रेवाला स्वतः उचलून समोर नेलं. दुपटं, लाळेरी, वाटी, चमचा सगळं मोजून दिलं.

“खाली बसवूनच भरवा,” त्या कालिंदीबाईंना म्हणाल्या. “टेकू देऊन. निजून नाय. आन् मान फिरवली की थांबायचं. मागं लागायचं नाय.”

“बरं,” कालिंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरची एक रेघही हलली नाही. “लक्षात ठेवीन.”

रेवा कालिंदीबाईंच्या खांद्यावर गेली आणि त्यांच्या चष्म्याची दोरी धरून बसली. वच्छलाबाई जिना उतरल्या तेव्हा तिनं रडायला हवं होतं. ती रडली नाही.

देवगावला पोचल्या त्याच संध्याकाळी त्यांनी कडूबाला विहिरीपाशी नेलं आणि कापसापासून लांब, विहिरीवरच्या खोलीच्या भिंतीला लागून जागा खणायला लावली. चार वाफे केले. फवाऱ्याचा पंप तिथून कुणी नेला तर पाय मोडीन, असं मालकालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. आप्पासाहेब हसले. आपोआप उगवणारी भाजी पेरणारी बाई त्यांनी पहिल्यांदा पाहिली होती. पण पारावर सांगायला गोष्ट मिळाली म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. सुनेला वच्छलाबाईंनी कळवलं की वावरातली भाजी जून झाली, नवी यायला महिना लागेल. तोवर जे मिळतं ते घे, फक्त पाच पाण्यानं धू.

त्या रोज सकाळी वाफ्यांशी बसत. खुरपताना कधी हात थांबे, आणि अकरा वाजले असतील का म्हणून सावलीकडं नजर जाई.

महिन्यानं पहिल्या जुड्या एस.टी.नं गेल्या. दोन दिवसांनी सत्यशीलाचा फोन आला.

“आई, काय सुंदर भाजी आहे! काकूंच्या हातून आख्खी वाटी संपवते. दुसऱ्या कुणाकडून घेतच नाही, माझ्याकडूनसुद्धा.”

“बरं.”

“काकूंना फार आवडली. फक्त म्हणत होत्या, जमलं तर मुळं कापून पाठवा. माती फार येते, धुवायला वेळ जातो.”

“बरं,” वच्छलाबाई पुन्हा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या विळा घरीच ठेवून वाफ्यावर गेल्या आणि तांदुळजा मुळासकट उपटला. मुळांची माती झटकायला कडूबानं हात पुढं केला तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली.

थंडी पडेपर्यंत बेरीज पुरी झाली होती. रेवाला बिनफवाऱ्याची भाजी मिळाली, सत्यशीलाला बिनघोर कचेरी मिळाली, आप्पासाहेबांना पारावरची ऐट मिळाली आणि कालिंदीबाईंना रेवाचं पहिलं ‘आजी’ मिळालं. या सगळ्याचं मोल एकट्या वच्छलाबाईंनी भरलं. दर जुडीमागं पाच पाण्यांनी माती धुवायचं मोल तेवढं कालिंदीबाई भरत राहिल्या.